धुराड्याकडची खिडकी

धाकट्या दिराला घरात लहानपणापासून रेडिओ म्हणत. एकदा लावला की बंद करायचं बटण सापडत नाही, असं त्याचा मोठा भाऊच म्हणायचा. पुढे रेडिओने खरोखरच बोलण्याचा धंदा काढला. इतिहासावर पॉडकास्ट सुरू केला, नाव ठेवलं ‘मागचं दार’, आणि आठवड्याला एक भाग या हिशेबाने तो अनोळखी लोकांच्या कानात शिरू लागला. लोक भांडी घासताना ऐकत, इस्त्री करताना ऐकत, गाडी चालवताना ऐकत. बसमध्ये शेजारचा माणूस एकटाच हसला की वहिनीच्या मनात यायचं, हा नक्की आमचंच दार ठोठावतोय.

वहिनी म्हणजे रेडिओची वहिनी. कामावर तिला पंपवाल्या बाई म्हणत. गावाला पाणी पुरवणारं जुनं वाफेचं पंपघर आता संग्रहालय झालं होतं आणि तिथे येणाऱ्यांना ते फिरवून दाखवणं हे तिचं काम होतं. त्याआधी ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. रसायनशास्त्र शिकलेली, कमी बोलणारी. पण इंजिनासमोर उभी राहिली की तिचं बोलणं झडप उघडल्यासारखं सुरू होई, आणि त्यातला एकेक शब्द तिने कित्येक हिवाळे-उन्हाळे घासून बसवलेला असे.

सुट्टीच्या दुपारी पॉडकास्टचा नवा भाग यायचा आणि तो जेवणाच्या टेबलावरच ऐकायचा, हा सासूबाईंचा नियम. त्या फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवत, आवाज पूर्ण वाढवत, आणि मग कोणाचा चमचा वाजला तरी डोळे वटारत.

“शाळेत इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या,” त्या म्हणायच्या. “हा माणसं उभी करतो. या वयात मला कळायला लागलंय की आधी काय काय होऊन गेलं.”

त्या दुपारी पंपघराचा भाग होता. रेडिओ घसा साफ न करता, अगदी कानाशी येऊन सांगत होता: “वाफ तापट माणसासारखी असते. तिला वाट दिली नाही, तर ती भिंत मागते.”

वहिनीने घास खाली ठेवला. “हे वाक्य माझं आहे.”

“शू,” सासूबाई म्हणाल्या.

“मी इंजिनासमोर रोज म्हणते हे. तसंच्या तसं.”

“अगं, वाक्य म्हणजे काय चप्पल आहे का,” नवरा म्हणाला, “कोणी पायात घालून गेलं म्हणायला? भाजी वाढ.”

सासूबाईंनी भाग थांबवला, हे त्या सहसा करत नसत. “तुझं असेलही. पण तू असं कुठे म्हणतेस? तो कसा मध्ये थांबला बघ. तू थांबत नाहीस. तू सांगतेस तेव्हा वाटतं, आता प्रश्न विचारणार.”

वहिनीने भाजी वाढली. सासूबाई एकदाही पंपघरात आल्या नव्हत्या, हे तिने बोलून दाखवलं नाही. पुढचा सगळा भाग तिने मान खाली घालून ऐकला. वाळूच्या गाळण्या तिच्या, कोळसेवाल्यांची गाणी तिची, पटकीच्या साथीत इंजिन बंद पडू न देणारा इंजिनवाला तिचा. साथ सरेपर्यंत त्याने पंपघर सोडलं नव्हतं. जुन्या मजुरांच्या नातवंडांची घरं पालथी घालून तिने हे जमवलं होतं. रेडिओ मध्यंतरी तीन-चारदा तिच्या फेरीत मागे मागे फिरला होता, फोन खिशात ठेवून. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. घरातलं एक माणूस तरी बघायला आलं, असं वाटलं होतं.

बघायला नव्हताच आला तो.

पुढच्या आठवड्यात संचालक मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर नवेकोरे इअरफोन आणि छोटी काळी यंत्रं मांडलेली होती.

“तुमच्या घरातच हिरा आहे आणि तुम्ही बोलला नाहीत कधी,” मॅडम म्हणाल्या. “आता फेरी या यंत्रावर होणार. माणूस दारात यंत्र घेईल, कानात घालेल, आपापल्या गतीने फिरेल. आवाज तुमच्या दिरांचा.”

“आणि मी?”

“तिकिटाचा काउंटर. बसून काम. तुमचे गुडघे दुखतात ना?”

“गुडघे दुखतात. घसा ठीक आहे.” वहिनी उभीच राहिली. “मॅडम, तो जे बोलतो ते सगळं माझ्या फेरीतलं आहे.”

“असेल की. पण इतिहास सगळ्यांचाच असतो. त्यांनी दहा पुस्तकं वाचून काढलं नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?”

तिने काही लिहून छापलं नव्हतं. सगळं तोंडात होतं, आणि तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात गेलं की पहिलं कोणतं, हे कोण सांगणार.

त्या सुट्टीला रेडिओ स्वतःच जेवायला आला. सासूबाईंनी त्याला पंख्याखालची खुर्ची दिली. वहिनीने वाढता वाढता विचारलं, “भाऊजी, माझी फेरी घेतलीत, तर निदान विचारायचं होतं.”

“वहिनी, इतिहास काय कोणाच्या बापाचा असतो?” तो हसत म्हणाला. त्याचं हसणंही रेकॉर्ड केल्यासारखं गोल होतं.

“इतिहास नसतो. पण तो शोधताना झिजवलेल्या चपला असतात.”

“त्या तुम्ही झिजवल्या, मान्य. पण तुम्ही इतिहास आठ-दहा माणसांना सांगत होतात, त्यातली निम्मी सावली शोधत आलेली. मी लाखोंना सांगतो. पाणी विहिरीत राहून कोणाची तहान भागते?”

“दुसऱ्याच्या ओंजळीने पिणाऱ्याची.”

“अरे, जेवताना नको,” नवरा म्हणाला. त्याला जेवताना काहीच नको असायचं, आणि जेवणानंतर झोप यायची.

वहिनी गप्प झाली. गप्प झाली की ती विचार करते, हे त्या घरात कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

तिच्या जुन्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. नमुन्यांच्या बाटल्या येत: या विहिरीचं पाणी, त्या नदीचं पाणी. त्यांत अधूनमधून मोठे साहेब कोणाला न सांगता एक बाटली सरकवून देत, चिठ्ठी नदीची आणि आत निव्वळ शुद्ध केलेलं पाणी. जो खरोखर तपासायचा, तो म्हणायचा, साहेब, ही नदी नाही. जो न तपासता सवयीने लिहायचा, तो नदीतला गाळ लिहून मोकळा व्हायचा आणि पकडला जायचा. त्या बाटलीला ते आंधळा नमुना म्हणत.

फेरीत खोटं बोलायचं नाही, एवढं तिने आधीच ठरवलं. तिकीट काढून आलेल्याला खोटं कशाला? नमुना ज्याच्यासाठी आहे, त्याच्याच ताटात पडायला हवा.

म्हणून दोन सुट्ट्यांनंतर, रेडिओ पुन्हा जेवायला आला असताना, तिने सहज बोलल्यासारखं सांगितलं. साथीत इंजिनवाल्याला घरी जायची परवानगी नव्हती. त्याचं मूल आजारी. समोरच्या चाळीत त्याची बायको रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावायची. दिवा दिसला की मूल सुखरूप. इंजिनघराच्या पूर्वेच्या खिडकीतून तो हा दिवा बघायचा आणि मग पुन्हा कोळसा टाकायचा.

गोष्ट तिने बसून रचली नव्हती. घरातच फार पूर्वी कधीतरी ऐकलेलं काहीतरी हाताशी आलं, तिने त्याची फक्त जागा बदलली. खिडकी मात्र विचार करून निवडली. इंजिनघराच्या पूर्वेच्या भिंतीला खिडकी नाही. कधीच नव्हती. त्या भिंतीच्या पाठीला पाठ लावून धुराडं उभं आहे. इंजिनासमोर एक क्षण डोळे उघडे ठेवून उभा राहिलेला कोणीही हे सांगू शकला असता.

“हे कुठे सापडलं तुम्हाला?” रेडिओने विचारलं. त्याचा हात ताटावरच थांबला होता.

“लोक सांगतात,” वहिनी म्हणाली.

सासूबाईंचाही हात थांबला होता. वहिनीला वाटलं, मीठ हवंय. तिने मीठ पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

‘पूर्वेची खिडकी’ हा भाग त्याच महिन्यात आला आणि ‘मागचं दार’च्या इतिहासात कोणताच भाग इतका चालला नव्हता. रेडिओने त्यात खिडकीच्या गजांवरचा गंज घातला. दिव्याच्या काचेवरची काजळी घातली. “ती वात म्हणजे त्या माणसाचा श्वास होता,” असं म्हणून तो इतका वेळ थांबला, की टेबलावर नवऱ्याने फोन बंद पडला का ते बघितलं. वहिनीला आतून फार बरं वाटत होतं. न तपासता लिहिलेला गाळ तिला स्पष्ट ऐकू येत होता, गजांसकट.

सासूबाईंनी भाग संपल्यावर तो परत लावला. मग स्वयंपाकघरात परत. त्या रडल्या नाहीत की ‘काय बोलतो’ म्हणाल्या नाहीत.

पंपघरात माणसं यायला लागली. यंत्रं अजून सुरू व्हायची होती, तोवर फेरी वहिनीच घेत होती. इंजिनाकडे पाठ करून ती पूर्वेच्या भिंतीकडे बघत. “खिडकी कुठे आहे हो?” असं तिला विचारत. वहिनी म्हणे, “संचालक मॅडमना विचारा.” आणि मॅडम एक दिवस रेडिओला घेऊनच इंजिनघरात आल्या, कारण तिथे आता खिडकीची पाटी लावायची होती.

“दाखवा,” वहिनी म्हणाली.

रेडिओने भिंतीकडे पाहिलं. मग उजवीकडच्या भिंतीकडे. मग अर्धवट वळून दाराकडे, जसं काही खिडकी बाहेर गेलीय आणि येईलच.

“बुजवली असेल,” मॅडम म्हणाल्या.

“पलीकडे धुराडं आहे, मॅडम. विटेला वीट लागून, एकाच वेळी बांधलेलं. खिडकी असती तर इंजिनवाल्याला दिवा दिसला नसता, काजळी दिसली असती. तीही डोळ्यांत गेल्यावर.” वहिनीचा आवाज नेहमीसारखाच होता. “ही गोष्ट खोटी आहे. मी भाऊजींना घरी सांगितली, जेवताना. फक्त त्यांना. ते तपासतात की उचलतात, हे बघायला. आता सांगा, बाकीचं कुठून आलं असेल?”

मॅडमनी रेडिओकडे पाहिलं. रेडिओचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यावर काहीतरी उमटलं जे वहिनीला ओळखीचं होतं. ताटावर हात थांबला होता, तेव्हाचंच.

“वहिनी, तुम्ही मुद्दाम केलंत?”

“हो.”

“सख्ख्या दिराला?”

“सख्ख्या दिरानेच फेरी नेली.”

मॅडम म्हणाल्या, “बाई, तुम्ही संग्रहालयाच्या नावावर खोटं पसरवलंत. मला तुम्हाला काउंटरवरही ठेवता येईल का, बघावं लागेल.”

हे तिच्या गणितात नव्हतं. प्रयोगशाळेत पकडला जायचा तो न तपासणारा. नमुना ठेवणाऱ्याला कोणी कधी जाब विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

पुढच्या सुट्टीला जगला टेकलेल्या फोनमधून रेडिओ म्हणाला, “आज मी माझ्याच चुकीची गोष्ट सांगणार आहे.” भागाचं नाव होतं ‘नसलेली खिडकी’. आवाज खाली आणलेला, दुखावलेला. इतिहास कसा बनतो, अफवा कशी शिजते, आणि आपल्या विश्वासातलंच माणूस आपल्या पानात काय वाढू शकतं. “तिचं नाव मी घेणार नाही,” तो म्हणाला. “ती माझ्या घरातलीच आहे. मी तिला माफ केलं आहे.”

“मला माफ केलं आहे,” वहिनी म्हणाली.

“झालं ना मग,” नवरा म्हणाला. “मिटलं.”

“चोराच्या उलट्या बोंबा, आणि तुम्हाला मिटलं वाटतं?”

“माझा भाऊ चोर नाही.”

“मग कोण आहे? पोस्टमन?”

“गप्प बसा दोघंही,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फोन उचलला, बंद केला आणि आपल्या खोलीत गेल्या. पॉडकास्ट अर्ध्यावर सोडून त्या उठल्या, असं आधी कधी झालं नव्हतं. वहिनीने त्याचा अर्थ लावला की म्हातारीला आपला राग आलाय. अर्थ बरोबर होता, पण रागाचं कारण वेगळंच होतं.

हा भाग खिडकीच्या भागापेक्षाही जास्त चालला. आता लोक नसलेली खिडकी बघायला येऊ लागले. असलेल्या वस्तू बघायला जितके येत, त्याहून जास्त. मॅडम नफ्यातोट्याच्या बाबतीत हट्टी नव्हत्या. त्यांनी वहिनीला पुन्हा बोलावलं.

“काउंटर नको,” त्या म्हणाल्या. “तुम्ही भिंतीपाशी उभ्या राहा.”

“फेरी?”

“फेरी यंत्रावरच. पण लोकांना तुम्हाला बघायचंय.”

तर असं झालं. कानात इअरफोनची काळी बोंडं घातलेली माणसं दारातून येत, गाळण्यांपाशी थांबत, बॉयलरपाशी माना डोलवत, आणि ती कुठल्या वाक्याला डोलवतात हे वहिनीला लांबूनही कळे, कारण वाक्य तिचंच होतं. इंजिनाला वळसा घालून ती पूर्वेच्या भिंतीपाशी येत, आणि तिथे यंत्रातला रेडिओ म्हणे, “आता कानातलं काढा आणि समोर उभ्या असलेल्या बाईंना विचारा, खिडकी कुठे आहे.”

मग ती विचारत. काही हसत. एकाने तिच्यासोबत फोटो काढून घेतला आणि काढताना भिंतीवर हात ठेवला, शिकार केलेल्या चित्त्यावर ठेवतात तसा. तिची फेरी आता एका भिंतीएवढी उरली होती, आणि तीसुद्धा दिराने हाक मारल्यावर सुरू व्हायची. “नाही,” ती म्हणे. “खिडकी नाही. पलीकडे धुराडं आहे.” लोकांचं तेवढ्याने समाधान होई. ते परत कानात बोंडू घालून निघून जात.

एके दिवशी दुपारच्या गर्दीत सासूबाई आल्या. एकट्या, बाहेर जायच्या चपला घालून, कानात यंत्र. वहिनीने त्यांना दारातच पाहिलं. त्यांनी तिला ओळख दिली नाही. सगळ्यांसारख्या त्या गाळण्यांपाशी थांबल्या, बॉयलरपाशी थांबल्या, मुलाचं पूर्ण ऐकून घेतलं. मग भिंतीपाशी आल्या. आजूबाजूच्यांनी कानातलं काढलं. सासूबाईंनी काढलं नाही. त्यांनी पुढे होऊन बोटाच्या पेराने भिंत वाजवली, दार वाजवतात तशी.

“भक्कम आहे,” त्या म्हणाल्या. कानात बोंडू असल्याने त्यांचा आवाज मोठा येत होता आणि सगळे ऐकू लागले. “दिवा माझा होता.”

वहिनी भिंतीपासून बाजूला झाली.

“लग्न होऊन आलीस त्या वर्षी. गच्चीवर कपडे काढताना तुला सांगितलं होतं मी. तुझे सासरे छापखान्यात होते, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लावून ठेवायची. या घरात तू तरी ऐकशील, म्हणून तुला सांगितलं. रेडिओच्या समोर तर मी ते दहादा बोलले असेन. तू जेवताना सांगितलंस, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, आई, हा तर तुझा दिवा. नाही म्हणाला. जगाचा इतिहास सांगतो.”

“आई, मी—”

“तू त्याला चोर म्हणालीस. मग तू मला विचारलंस का?”

कोणीतरी फोन वर धरला होता. वहिनीने हात करून तो खाली घ्यायला सांगितला, पण त्या माणसाने तिच्याकडे बघितलंच नाही. तो सासूबाईंकडे बघत होता.

“विचारलं नाही,” वहिनी म्हणाली.

“आणि नेलास तोही अर्धा.” सासूबाईंनी आता कानातलं एक बोंडू काढलं. “मूल सुखरूप, नवऱ्याचा श्वास, काय काय घातलंत त्यात दोघांनी मिळून. अगं, ते पिऊन यायचे. गुपचूप मागच्या दाराने शिरायचे आणि सकाळी म्हणायचे, मी केव्हाच आलो. दिवा लावला की त्यांना लांबूनच कळायचं, ही जागी आहे, आज आत घेणार नाही. दिवा दिसला की ते छापखान्यातच परत जाऊन झोपायचे. मी हेही सांगितलं होतं तुला. तुझ्या हातात चिमटे होते, तू कपडे मोजत होतीस.”

लोकांत हसू फुटलं आणि लगेच दबलं. वहिनीने आठवून बघितलं. गच्ची आठवली, दिवा आठवला, चिमटेही आठवले. पुढचं काही आठवेना. जिथपर्यंत गोड होतं तिथपर्यंतच तिने ऐकलं होतं, आणि बाटलीवर चिठ्ठी लावून टाकली होती.

“हे आता त्याला सांगाल?” तिने विचारलं.

“त्याला काय सांगायचं? त्याला ऐकू येत नाही. त्याला फक्त बोलता येतं.” सासूबाईंनी बोंडू परत कानात घातलं. “तुला ऐकू येतं, तरी तू असं केलंस. तुझा मला जास्त राग आहे. रात्रीचं जेवण मी माझ्या खोलीत घेईन.”

आणि त्या पुढच्या दालनाकडे वळल्या. मुलाचा आवाज त्यांना तिकडे नेत होता. जाताना पुन्हा एकदा त्यांनी भिंत वाजवली, वाटेत आली म्हणून.

फोन धरलेला माणूस त्यांच्या मागे गेला. बाकीचे थोडा वेळ घुटमळले. तेवढ्यात पुढचा घोळका इंजिनाला वळसा घालून आला, आणि त्यांच्या कानांतून गळणारा बारीक आवाज वहिनीला ऐकू आला: समोर उभ्या असलेल्या बाईंना विचारा.

एका पोरसवदा बाईने बोंडू काढलं. “खिडकी कुठे आहे?”

“इथे खिडकी नाही,” वहिनी म्हणाली. तिथेच ती रोज थांबायची. आज ती थांबली नाही. “दिवा होता. तो दुसऱ्या घरात होता, आणि तो वाट बघायला लावलेला नव्हता. आत येऊ नका, हे सांगायला लावलेला होता. ज्यांचा होता त्या आत्ता पुढच्या दालनात आहेत. मी त्यांना न विचारता तो इथे आणला.”

“म्हणजे खरं काय आहे?” बाईने विचारलं. तिने दुसरंही बोंडू काढलं होतं.

“बसा,” वहिनी म्हणाली, आणि इंजिनाच्या कठड्याकडे बोट दाखवलं. “तिथून भिंतही दिसते आणि इंजिनही. आधी नीट बघून घ्या. मग मी बोलते.”